सापडलेली हाडे आणि उभे केलेले पक्षी : एका प्रदर्शनाच्या प्रकल्प नोंदी

१२ नोव्हेंबर २०२४

राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त येत्या २८ फेब्रुवारीला वाचनालयाच्या सभागृहात, नामशेष झालेल्या महाकाय आणि न उडणाऱ्या पक्ष्यांवर मराठीतून प्रदर्शन मांडायचे, असे आजच्या बैठकीत ठरले. फोंडा तालुक्यातील हायस्कुलांची मुले येतील. या मुलांना डायनासोरांची नावे पाठ असतात. मोआ किंवा एपिऑर्निस म्हटले की मात्र चेहरे कोरे होतात.

मांडणीसाठी एक नियम मी आग्रहाने मंजूर करून घेतला. प्रत्येक चित्रात आणि प्रतिकृतीत जो भाग प्रत्यक्ष सापडला आहे तो गडद तपकिरी, जो नातलग पक्ष्यांवरून किंवा मोजमापांवरून काढला आहे तो राखाडी, आणि जो केवळ कल्पनेने भरला आहे तो पांढरा रंगवायचा. या पक्ष्यांची जी रंगीत चित्रे आपण पाहतो त्यांत डोळ्याच्या बुबुळापासून शेपटीच्या पिसापर्यंत सगळे सारख्याच खात्रीने रंगवलेले असते, आणि पाहणाऱ्याला खरा पुरावा कोणता हे कधीच कळत नाही. एका सभासदांनी ‘प्रदर्शन फिके दिसेल’ अशी शंका काढली. दिसू दे.

२१ नोव्हेंबर

सुरुवात मोआपासूनच करायची. न्यूझीलंडमधील हा पक्षी विज्ञानाला ठाऊक झाला तो एका तुटक्या हाडामुळे. १८३९ साली लंडनमध्ये शरीरशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांच्याकडे हाडाचा एक तुकडा विकायला आणला गेला. त्याची लांबी सुमारे १५ सेंटिमीटर होती आणि दोन्ही टोके मोडलेली होती. एखाद्या गुराचे हाड म्हणून ते बाजूला पडले असते. पण ओवेन यांनी त्याची आतली रचना आणि पृष्ठभागावरच्या खुणा इतर प्राण्यांच्या हाडांशी ताडून पाहिल्या, आणि हे शहामृगाच्या तोडीच्या, पण बांध्याने अधिक जड अशा पक्ष्याच्या मांडीचे हाड आहे, असा निष्कर्ष जाहीर केला. पुढे न्यूझीलंडहून हाडांच्या पेट्या आल्या, निष्कर्ष खरा ठरला आणि १८४३ मध्ये त्यांनी त्या पक्ष्याला डायनॉर्निस हे नाव दिले.

हा तुकडा आम्ही शाडूत खऱ्या आकाराचा करणार आहोत. भिंतीवर मांडीच्या संपूर्ण हाडाची रेषाकृती काढायची आणि तिच्या मधोमध हा एवढाच तपकिरी तुकडा बसवायचा. माझ्या मते प्रदर्शनाचे दार हेच असावे.

४ डिसेंबर

वजनांचे आकडे जमवताना दिवस गेला. एकाच पक्ष्याचे वजन एका ठिकाणी ४०० किलो आणि दुसऱ्या ठिकाणी ६०० किलो असते, त्यामुळे मुले गोंधळतील, अशी तक्रार आली. उपाय एकच : वजन कसे काढतात तेच फलकावर सांगावे.

दोन पायांवर चालणाऱ्या पक्ष्याचा सगळा भार मांडीच्या हाडांवर येतो. म्हणून त्या हाडाचा सर्वांत बारीक जागी असलेला घेर मोजतात आणि आजच्या पक्ष्यांत घेर आणि वजन यांचे जे नाते आढळते, त्यावरून नामशेष पक्ष्याचे वजन काढतात. हे नाते सरळ प्रमाणाचे नाही. घेर दुप्पट झाला तर वजन दुप्पट होत नाही, पाचपटीच्या आसपास जाते. त्यामुळे घेर मोजताना पाच टक्के इकडेतिकडे झाले की वजनात दहा-बारा टक्क्यांचा फरक पडतो. शिवाय एवढा जड पक्षी आज जिवंत नाही, तेव्हा शहामृगाच्या पुढची रेघ आपणच ओढलेली असते. म्हणून प्रत्येक वजन ‘अमुक ते अमुक’ असेच छापायचे आणि राखाडी अक्षरांत छापायचे.

क्रिमियातील तावरिदा गुहेत सापडलेल्या पॅकिस्ट्रूथिओचे उदाहरण येथे चपखल बसते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्याचे वजन सुमारे ४५० किलो दिले आहे, आणि त्याचा आधार मांडीचे एक हाड आहे. युरोपात पंधरा-अठरा लाख वर्षांपूर्वी असा पक्षी मानवाच्या पूर्वजांच्या काळात वावरत होता, ही मोठी गोष्ट त्या एका हाडाने सांगितली.

१५ डिसेंबर

सभागृह मोजले. पंख्याच्या पात्याखाली दहा फूट मिळतात. छपाईवाल्याकडून फ्लेक्सचा दर घेतला, पण मजकूर जाड कागदावर छापून पुठ्ठ्यावर चिकटवणेच बरे, म्हणजे दुरुस्ती करता येईल.

२९ डिसेंबर

नाताळच्या सुटीत मोआच्या सांगाड्यावर बैठक झाली. शिगमोत्सवाचे चित्ररथ करणारे आमच्या वाड्यावरचे मामा सांगाडा बांधून देणार आहेत. फेब्रुवारी लागताच त्यांची चित्ररथांची कामे सुरू होतात, म्हणून बांबूचे काम जानेवारीतच आटोपायचे.

खरा वाद उंचीवरून झाला. बहुतेकांना मान उभी हवी होती. मामा म्हणाले, “सर, मान वर काढली तर माणूस दारातूनच हात जोडील. आडवी ठेवली तर गाय उभी केल्यासारखी दिसेल.” त्यांचे निरीक्षण चुकीचे नाही; गेल्या शतकातील संग्रहालयांनीही हेच केले. मोआचे सांगाडे उभ्या मानेने जोडले, कारण त्यामुळे ते अधिक उंच आणि अधिक भव्य दिसत. प्रत्यक्षात मोआच्या कवटीला मानेचा कणा खालून नव्हे तर मागच्या बाजूने जोडलेला आहे. म्हणजे चालताना डोके पुढे काढलेले आणि मान वळसा घेऊन पाठीच्या पातळीच्या थोडी वर, अशी त्याची ठेवण असावी. डायनॉर्निसच्या मोठ्या मादीची पाठ सुमारे दोन मीटर उंच होती आणि मान पूर्ण वर ताणली तर डोके साडेतीन मीटरच्या वर जाई, पण ते उंचावरचा पाला ओरबाडताना. आमच्या सभागृहात तसे डोके पंख्यात अडकले असते, हा युक्तिवाद सर्वांना लगेच पटला. मान पुढे काढलेलीच राहील.

दुसरी सूचना पायांबद्दल होती. पक्ष्याचा गुडघा मागे वळतो, असे मुलेच नव्हे तर मोठेही समजतात. मागे वळलेला तो सांधा घोट्याचा असतो. खरा गुडघा वर, पोटाजवळ पिसांत झाकलेला असतो. मोआत नडगीचे हाड मीटरभराच्या जवळ जाणारे, तर त्याखालचे पावलाचे हाड आखूड आणि जाड. धावण्यापेक्षा भार पेलण्याची ही रचना आहे. मामांना जमिनीवर खडूने तिन्ही हाडे काढून दाखवली. त्यांनी सुतळीने लांबी घेतली आणि बांबूवर खुणा केल्या.

८ जानेवारी २०२५

मोआच्या जातींचा फलक आज पूर्ण केला. मोआच्या जाती किती याचा हिशेब बराच काळ हाडांच्या आकारावर चालला होता. लहान हाडे एका जातीची, मोठी दुसऱ्या जातीची. २००३ मध्ये हाडांतील डीएनए तपासल्यावर असे निघाले की डायनॉर्निसच्या ज्या लहान-मोठ्या जाती मानल्या होत्या ते नर आणि मादी होते. मादी नरापेक्षा दीडपट उंच आणि वजनाने अडीच पटीहून अधिक. पक्ष्यांत इतकी तफावत कोणी गृहीतच धरली नव्हती. आता तीन कुळांत नऊ जाती मानतात.

येथे मोआला एक भाग्य लाभले आहे. त्याची हाडे काही शतकांची किंवा काही हजार वर्षांची आहेत, दलदलीत आणि थंड गुहांत राहिलेली आहेत आणि दगड झालेली नाहीत. म्हणून डीएनए मिळतो. शिवाय गुहांत पिसे, वाळलेली विष्ठा, आणि माउंट ओवेन येथे तर कातडे व स्नायूंसकट एक वाळलेले पाऊल मिळाले आहे. ते सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या डोंगरी मोआचे आहे. त्यामुळे पिसे पांढरी ठेवण्याचा आमचा नियम डोंगरी मोआच्या चित्रात मोडावा लागला आणि पिसांनाही तपकिरी मान मिळाला. आमच्या मोठ्या सांगाड्याला मात्र पिसे लावायची नाहीत.

पंखांची गोष्ट तर आणखी विलक्षण. शहामृगाला पंख असतात, किवीलाही नावापुरते असतात; मोआच्या सांगाड्यात पंखाचे एकही हाड नाही. छातीच्या हाडावर उडण्याचे स्नायू ज्याला जोडलेले असतात तो उभा कंगोराही नाही. मामांनी बांबू कापण्याआधी दोनदा विचारून घेतले.

२२ जानेवारी

हत्तीपक्ष्याचे अंडे. मादागास्करच्या एपिऑर्निसचे अंडे हे ज्ञात अंड्यांत सर्वांत मोठ्या आकारमानाचे समजले जाते. ३० सेंटिमीटरहून लांब, मोठ्या अंड्याचा लांबीकडून घेर मीटरभर, कवच सुमारे तीन मिलिमीटर जाड. नववीच्या मुलींनी लंबगोलाच्या सूत्राने हिशेब केला : लांबी ३० आणि व्यास २२ सेंटिमीटर धरले तर साडेसात लिटर होतात, मोठ्या अंड्यांत दहा लिटरपर्यंत जातात. कोंबडीच्या दीडशे अंड्यांएवढा ऐवज. फुग्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या आणि मैद्याची खळ यांचे थर देऊन अंडे बनवले. थर सुकायला वेळ लागतो, कारण खाडीकडून येणारी सकाळची दमट हवा जानेवारीतही कागद ओलसर ठेवते. शेवटी अंडी विजेच्या दिव्याखाली ठेवली. वाळलेल्या अंड्यावर एका मुलीने टाचणीने बारीक खड्डे पाडले, कारण हत्तीपक्ष्याच्या कवचावर हवेची छिद्रे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. ते काम तिने न सांगता केले आणि उत्तम केले.

अखंड अंडी प्रत्यक्ष मिळाली आहेत, तेव्हा हे अंडे संपूर्ण तपकिरी. संग्रहालयांतील कित्येक अंडी मात्र दक्षिण मादागास्करच्या वाळूत विखुरलेले तुकडे जुळवून उभी केलेली आहेत, हे फलकावर नमूद केले. एका अखंड अंड्यात पिल्लाची हाडे आहेत आणि ती कवच न फोडता क्ष-किरणांच्या स्कॅनने पाहिली गेली. दोन अंडी तर थेट पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर मिळाली, एक १९३० मध्ये आणि दुसरे १९९२ मध्ये. ती हिंदी महासागर तरंगत ओलांडून गेली असावीत, असे मानतात. वास्कोच्या बंदराशी ज्यांचा रोजचा संबंध आहे अशा घरांतील मुलांना हे पटवून द्यावे लागणार नाही.

मोआचे अंडे शेजारी ठेवले आहे ते कवचासाठी. आकाराने मोठे असूनही त्याचे कवच मिलिमीटरभरच जाड असे. कवचाच्या बाहेरच्या बाजूला मिळालेला डीएनए प्रामुख्याने नरांचा निघाला, म्हणजे अंडी उबवण्याचे काम तुलनेने हलका असलेला नर करीत असावा. २०० किलोंवरची मादी त्यावर बसली असती तर काय झाले असते, हे दाखवण्यासाठी मुलांनी एक अंडे मुद्दाम चेपून ठेवले आहे.

हत्तीपक्ष्याच्या नावाचा फलक अजून अर्धा आहे. २०१८ मध्ये सर्वांत मोठ्या हाडांसाठी व्होरोम्बे टायटन ही स्वतंत्र जात मांडली गेली आणि तिचे सरासरी वजन ६५० किलोंच्या आसपास काढले गेले. २०२३ मध्ये अंड्यांच्या कवचांतील डीएनएवरून असे सुचवले गेले की ती वेगळी जात नसून एपिऑर्निस मॅक्सिमसच्या माद्या असाव्यात. मोआची कथा पुन्हा घडते आहे. मादागास्करच्या उष्ण हवेत हाडांतील डीएनए सहसा नीट टिकत नाही, जाड कवचात अधिक चांगला टिकतो, म्हणून हा उलगडा हाडांऐवजी अंड्यांनी केला.

२ फेब्रुवारी

मांसाहारी पक्ष्यांच्या फलकावर मुलांची सर्वांत जास्त गर्दी होणार, आणि पांढऱ्या रंगाची गरजही येथेच सर्वांत जास्त आहे.

दक्षिण अमेरिकेतील फोरस्ऱ्हाकॉस हे नाव फ्लोरेन्तिनो आमेगिनो यांनी १८८७ मध्ये जबड्याच्या एका तुकड्याला दिले, तेव्हा तो त्यांना दात नसलेल्या सस्तन प्राण्याचा वाटला होता. त्याच गटातील केलेन्केनची कवटी अर्जेंटिनात कोमालो येथे मिळाली. सुमारे ७१ सेंटिमीटर लांब, ज्ञात पक्ष्यांत सर्वांत मोठी, दीड कोटी वर्षांपूर्वीची. तिचे चित्र खऱ्या मापाने दाराजवळ लावायचे. या गटाचा आजचा जवळचा नातलग म्हणजे सेरिएमा, गवताळ माळावर फिरणारा लांब पायांचा पक्षी.

याच गटातला फ्लोरिडातील टायटॅनिस येथे उपयोगी पडला. १९९४ मध्ये त्याच्या पंखाच्या हाडांवरून, त्याला पंखांऐवजी नखे असलेले हात होते, अशी मांडणी झाली आणि चित्रकारांनी ती उचलून धरली. अकरा वर्षांनी दाखवून दिले गेले की सेरिएमाच्या पंखातही तसाच सांधा आहे, आणि त्याला काही हात नाहीत. आमच्या टायटॅनिसला आखूड पंख आहेत, तेही राखाडी.

गॅस्टॉर्निसचे तर संपूर्ण चारित्र्यच बदलले. पॅरिसजवळ सापडलेल्या हाडांवरून १८५५ मध्ये नाव मिळालेला, पाच कोटी वर्षांपूर्वीच्या युरोप-अमेरिकेत राहणारा हा दोन मीटर उंच पक्षी जुन्या चित्रांत इवल्या घोड्यांची शिकार करताना दिसतो. पण त्याच्या चोचीला शिकारी पक्ष्यांसारखा आकडा नाही, पायांना बाकदार नखे नाहीत, आणि हाडांतील कॅल्शियमच्या समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंचे) प्रमाण शाकाहारी प्राण्यांशी जुळते. त्याच्या चोचीत मुलांनी फांदी दिली आहे. घोडा काढून टाकला.

ऑस्ट्रेलियातील गेन्यॉर्निसचा फलक पुन्हा रंगवला. १९१३ पासून त्याची एकच कवटी ठाऊक होती आणि तिची अवस्था वाईट होती. २०२४ च्या जून महिन्यात कॅलबोना सरोवरातील चांगल्या कवटीचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि तोंडवळा हंस-बदकांच्या वळणाचा निघाला. पांढऱ्या डोक्याला एका वर्षात तपकिरी रंग चढला. त्याचा मोठा नातलग ड्रोमॉर्निस सुमारे ८० लाख वर्षांपूर्वीचा, ५०० किलोंच्या आगेमागे. त्याच्यात मोआच्या उलट नर अधिक जड होता.

९ फेब्रुवारी

‘हे पक्षी आपल्याकडे होते का?’ हा प्रश्न येणारच, म्हणून स्वतंत्र फलक केला.

गोव्यात अशी हाडे मिळण्याची आशा जवळजवळ नाही. आपले बहुतांश खडक दोन-अडीच अब्ज वर्षांहून जुने आणि उष्णता-दाबाने बदललेले आहेत, म्हणजे पक्षीच काय, कोणताही हाडांचा प्राणी निर्माण होण्याआधीचे. वरची जांभ्याची माती आम्लधर्मी आहे आणि दर पावसाळ्यात धुऊन निघते. तिच्यात हाड फार काळ टिकत नाही.

भारतात मात्र शहामृग होता. शिवालिकच्या खडकांतील हाडांवरून १८७१ मध्ये स्ट्रूथिओ एशियाटिकस हे नाव दिले गेले. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथील उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचे, त्यांचे मणी आणि आडव्या-तिरप्या रेषा कोरलेला एक तुकडा मिळाला; काळ सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा. कोरीव म्हणून पुढे आलेल्या इतर अनेक तुकड्यांवरच्या रेषा झाडांच्या मुळांनी पाडलेल्या निघाल्या, पाटण्याचा तुकडा टिकून राहिला. २०१७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी (पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्र) व इतर संस्थांतील संशोधकांनी भारतातील कवचांतून डीएनए मिळवून ती शहामृगाचीच असल्याचे दाखवले. घाटापलीकडच्या नातेवाइकांकडे जाताना चाळीसगाव तालुक्यातून गेलेली मुले येथे थांबतील.

याच फलकावर नकाशा आहे. शहामृग, इमू, मोआ, हत्तीपक्षी हे एकाच न उडणाऱ्या पूर्वजाचे वंशज असून दक्षिणेकडचे भूखंड एकत्र असलेला प्राचीन गोंडवन खंड फुटल्यावर आपापल्या तुकड्यावर बसून दूर गेले, अशी मांडणी १९७० च्या दशकापासून लोकप्रिय होती. ती ऐकायला इतकी सुंदर आहे की सोडवत नाही. मादागास्कर भारतापासून सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी सुटले. कर्नाटकातील मालपेजवळच्या सेंट मेरी बेटांचे ज्वालामुखी खडक त्याच फाटाफुटीशी जोडले जातात. पण २०१४ च्या डीएनए अभ्यासात हत्तीपक्ष्याचा सर्वांत जवळचा नातलग न्यूझीलंडचा किवी निघाला, आणि मोआचे जवळचे नातलग दक्षिण अमेरिकेतील, थोडेफार उडू शकणारे टिनामू. हत्तीपक्षी आणि किवी यांच्या वाटा वेगळ्या झाल्या त्या भूखंड दूर गेल्यानंतर. तेव्हा पूर्वज उडत गेले आणि उडणे नंतर, ठिकठिकाणी, स्वतंत्रपणे सुटले, हेच अधिक जुळते. नकाशावर भूखंडांच्या बाणांऐवजी पक्ष्यांचे बाण, राखाडी.

१७ फेब्रुवारी

नाश कसा झाला, याचा मजकूर तपासला. न्यूझीलंडपुरते वाक्य ठाम ठेवले : तेराव्या शतकाच्या सुमारास माणूस पोचला आणि दीडशे वर्षांच्या आसपास मोआ संपले. मोआच्या हाडांत वाढीची वर्तुळे दिसतात. काही जातींना पूर्ण वाढायला दहा वर्षांपर्यंत लागत. इतक्या सावकाश वाढणाऱ्या पक्ष्याची अंडी आणि मोठी जनावरे दोन्ही खाल्ली गेली, तर संख्या भरून निघत नाही. मोआवर जगणारा हास्ट गरुडही त्यांच्यामागोमाग गेला. मोआच्या कमरेच्या हाडांवर त्याच्या नखांची भोके आहेत.

ऑस्ट्रेलियाबाबत वाक्य सैल केले. सुमारे पन्नास हजार वर्षांपूर्वीची जळकी कवचे अनेक ठिकाणी मिळतात आणि ती गेन्यॉर्निसचीच असल्याला २०२२ च्या प्रथिन-अभ्यासाने बळ दिले, पण नाशाचा दोष शिकारीचा किती आणि हवामानाचा किती, यावर वाद चालू आहे. मादागास्करमध्ये हत्तीपक्षी सुमारे एक हजार वर्षांपूर्वीपर्यंत होते. माणूस तेथे प्रथम कधी पोचला यावरच मतभेद आहेत.

१ मार्च

प्रदर्शन काल पार पडले. मुले चेपलेल्या अंड्यापाशी आणि केलेन्केनच्या कवटीपाशी रेंगाळली, मोठी माणसे मोआच्या पायाशी. गुडघ्याचा मुद्दा अनेकांनी स्वतःचा पाय वाकवून तपासला. एका मुलाने विचारले की पांढऱ्या जागी आपण घरी हवा तो रंग दिला तर चालेल का. चालेल, असे सांगितले, फक्त तपकिरीला हात लावायचा नाही.

मोआचा पाय हायस्कूलच्या प्रयोगशाळेत जाईल. बाकीचा सांगाडा मामांनी बांबूसाठी परत मागितला आहे. फलक वाचनालयाच्या कपाटात उभे ठेवायचे, आडवे नाहीत, नाहीतर जूनमध्ये बुरशी धरेल. हत्तीपक्ष्याच्या नावाची पट्टी खिळ्यांनी न ठोकता चिमट्याने लावली आहे आणि तशीच ठेवावी. व्होरोम्बे ही जात राहते की जाते, याचा निकाल लागेल तेव्हा तेवढीच बदलता येईल.